भातलावणीची घाई करताय? आधी चिखलाचा वास घ्या

पाऊस लागला, रोपं 21 दिवसांची झाली, ट्रॅक्टर दारात आला, मग काय, सकाळी चिखलणी आणि दुपारी लावणी. पण खाली गाडलंय काय ते कोणी बघतं का? मागच्या पिकाचा पेंढा, धसकटं, गुडघाभर गवत, सगळं कच्चं. दर हंगामात हेच बघतोय आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार, रोपं पिवळी पडली, फुटवे येईनात.

होतं काय की पाण्याखाली हवा नसते, त्यात कच्चा पेंढा सडायला लागला की आम्लं तयार होतात, सडक्या अंड्यासारखा वास येणारा गॅस सुटतो आणि नवी मुळं जागेवरच काळी पडतात. वर पेंढा कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र स्वतःच खाऊन टाकतात, म्हणजे युरिया तुम्ही टाकायचा आणि जेवायचं त्यांनी.

म्हणून क्रम असा ठेवा:
- लावणीआधी 3 ते 4 आठवडे पहिली नांगरट, 10 ते 15 सेंमी, धसकटं गाडून
- बांधाची डागडुजी, खेकड्याची बिळं बुजवणे
- पाणी भरून 2 ते 3 आठवडे कुजू देणे
- 5-7 दिवसांच्या अंतराने चिखलणी
- फळी मारून खाचर सपाट

हिरवळीच्या खतासाठी घेतलेला कोवळा ताग किंवा धैंचा लवकर कुजतो, त्याला आठवडा-दहा दिवस खूप झाले, पण पेंढ्याला तेवढ्यात काही होत नाही, उगाच फसू नका. शेवटच्या चिखलणीनंतर चिकण जमिनीत एक-दोन दिवस गाळ बसू द्या नाहीतर रोपं तरंगतात. रेताड जमिनीत उलटं, तिथे लगेच लावा, काही तासांत घट्ट होते.

माझी परीक्षा साधी आहे, कुठल्या शिफारशीत सापडणार नाही. चिखलात पाय दाबा, भराभर बुडबुडे आले आणि वास मारला तर लावणी थांबवा. आता म्हणाल रोपांचं वय चाललंय, पाऊसही थांबणार नाही. मग निदान न कुजलेला पेंढा दाताळ्याने ओढून बांधावर टाका आणि एका चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, रोपं थोडी जास्त धरा. अर्धं काम झालं तरी चालेल, पण कच्चं गाडून लगेच लावणं नको म्हणजे नको.

लावून बसला असाल आणि रोप पिवळं दिसलं तर दुकानात पळू नका. तिथे टॉनिक, ह्युमिक, मुळं वाढवायची बाटली, तिन्ही हातात देतील आणि मुळं कशी आहेत हे कोणी विचारणारसुद्धा नाही. एक रोप उपटा. मुळं काळी आणि वास येतोय? पाणी काढा, बारीक भेगा दिसेपर्यंत 3-5 दिवस, मग परत भरा. काळ्या मुळांवर युरिया फेकू नका, रोप घेतच नाही. मुळं बरी पण खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके आणि वाढ खुंटलेली, तर जस्ताची कमतरता असू शकते. त्यासाठी झिंक सल्फेट 0.5 टक्के आणि चुना 0.25 टक्के, म्हणजे 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम आणि 25 ग्रॅम चुन्याची निवळी, फवारा. जमिनीतून द्यायचं तर हेक्टरी 25 किलो, पण स्फुरदाच्या खतात मिसळून नको.

अजून एक, रोटाव्हेटर सारखा फिरवून गाळ लोण्यासारखा केला म्हणजे चिखलणी झाली असं नाही. आणि 15-20 सेंमी खाली जो कडक थर बसतो तो पाणी धरून ठेवतो, रेताड खाचरात खोल नांगरट करून तो फोडलात तर पाणी आणि खत दोन्ही खाली जाणार.

पाणी काढायचा सल्ला मात्र किनारपट्टीच्या गंधकाम्ल, म्हणजे पोटात गंधक साठलेल्या, जमिनीला लावू नका. ती पूर्ण सुकली की आम्ल सुटतं आणि पुढच्या पाण्याबरोबर रोपं जळतात, तिथे नुसतं जुनं पाणी सोडून ताजं घ्यायचं.