वादळाचा धसका आणि श्वास: डोळे मिटायची घाई नको

२०२० चं निसर्ग वादळ किंवा २०२१ चा चिपळूणचा पूर मनात बसलेल्या माणसाला पत्र्यावर सर वाजली तरी धडधडतं. त्याला "डोळे मिट, शांत हो" म्हणू नका. डोळे मिटले की पाणी पुन्हा घरात शिरतं.

पडवीत भिंतीला पाठ टेकवून, बाहेरची वाट दिसेल असं बसवा. तळपाय जमिनीवर दाबायचे, नजर अंगणातल्या माडाच्या बुंध्यावर. तीन अंक मोजत श्वास घ्यायचा, पाच मोजत सोडायचा. सहा-सात वेळा, बस्स. कुंभक, भस्त्रिका, कपालभाती नकोच: श्वास कोंडला किंवा जोरात चालला की शरीर त्याला धोकाच समजतं.

बुडता बुडता वाचलेल्याला श्वासाकडे बघणंही जड जातं. त्याच्या हातात सोललेला नारळ द्या. वजन, शेंडीचा खरखरीतपणा, तीन डोळे बोटांनी चाचपू दे. (हेही ध्यानच.)

शवासनाऐवजी कुशीवर. आसन सुधारायला न विचारता हात लावू नका. नजर शून्यात गेली, बोलणं तुटलं, तर तिथेच थांबा. नावाने हाक मारा, उठवून अंगणात चालवा.

महिना उलटूनही झोप नसेल, तेच तेच दिसत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. योग हा उपचाराच्या जोडीला. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.