कृष्णधवल फोटोत गुलालाचं पिठलं का होतं? या चुका टाळा

कोल्हापूरजवळच्या जोतिबाच्या चैत्र यात्रेला मी पहिल्यांदा 'आज फक्त कृष्णधवल' असं ठरवून गेलो, तेव्हा दिवसभरात चारशेच्या वर फोटो काढले. सासनकाठ्या, उधळलेला गुलाल, गर्दीतून उडणारं खोबरं, माखलेली तोंडं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळं रंगीत दिसत होतं आणि नाद खुळा दिसत होतं. रात्री घरी येऊन संगणकावर रंग काढून टाकले, तर उरलं राखाडी पिठलं. माणूस कुठला, गुलाल कुठला, मागची भिंत कुठली, काही कळेना. मित्राने मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, "भावा, धुळीचं वादळ आलं होतं काय रं?"

छंद म्हणून हे काम करणाऱ्या बहुतेकांची पहिली चूक हीच असते. आपण फोटो रंगात बघून काढतो आणि रंग नंतर काढून टाकतो.

रंग काढले म्हणजे कृष्णधवल झालं, हा समज

कृष्णधवल करताना सॉफ्टवेअर प्रत्येक रंगाला एक राखाडी छटा देतं. सर्वसाधारण हिशेबात लाल रंगाचं वजन साधारण ३० टक्के, हिरव्याचं ५९ आणि निळ्याचं ११ धरलेलं असतं, कारण आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ वाटतो. आता माझ्या त्या फोटोतला गुलाल घ्या. लाल २२०, हिरवा ६०, निळा १४०. वजनं लावून बेरीज केली की येतात ११७. शेजारच्या माणसाचा न माखलेला गाल घ्या. लाल १७०, हिरवा १२०, निळा ९०. बेरीज १३२. शून्य ते २५५ च्या मापात फरक जेमतेम पंधराचा. डोळ्याला जो रंग किंचाळून दिसत होता, तो कातडीच्या छटेत विरघळून गेला. पिठलं झालं ते असं.

यावर पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो. एका फटक्यात रंग काढणारं 'डीसॅच्युरेट'चं बटण सोडून द्यायचं आणि ज्या ठिकाणी प्रत्येक रंग उजळ-गडद करायची वेगळी सरकपट्टी मिळते, तिथे बसायचं. मॅजेंटाची, म्हणजे जांभळट गुलाबीची, पट्टी वर नेली की गुलाल उजळतो, खाली आणली की काळवंडतो. चेहरा मुख्यतः नारिंगीच्या पट्टीत असतो, त्यामुळे त्याला फारसा धक्का लागत नाही. मीही तेच केलं. गुलाल उजळला, तर तो गुलाल न वाटता भस्म वाटायला लागला. काळा केला, तर लोक कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसू लागले. तासभर पट्ट्या हलवल्यावर डोक्यात उजेड पडला की संगणकापुढे बसून हा फोटो सुधारणार नाही. गुलाल दिसतो तो रंगामुळे, आणि रंगच जाणार असेल तर त्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. ते काम उजेडाचं.

पुढच्या वर्षी मी ऊन पाठीशी घेऊन उभा राहिलोच नाही. सूर्य समोर, गुलाल मधे आणि त्याच्या मागे सावलीतली काळी दगडी भिंत. उधळलेली मूठ हवेत पेटल्यासारखी उजळते, माणसांच्या कडा चमकतात, बाकी सगळं अंधारात राहतं. त्या दिवशी जेमतेम ऐंशी फोटो काढले. त्यातले सहा ठेवण्यासारखे निघाले, आणि त्यांना पट्ट्या हलवायची गरज जवळजवळ पडलीच नाही.

जाता जाता एक गोष्ट. १९२० च्या आसपास बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच कोल्हापुरात मूकपट काढत होती. त्या काळात सर्रास वापरली जाणारी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. त्या फिल्मवर कुंकू काळं उमटायचं, निळं आभाळ पांढरंफटक व्हायचं. त्या मंडळींना कुठला रंग कसा उतरणार हे शूटिंगच्या आधीच ठाऊक असावं लागायचं. आपल्याकडे पट्ट्या आल्या आणि आपण आळशी झालो, असं माझं मत आहे.

कॅमेरा रंगीत ठेवून शोधत बसणं

हे दोन मिनिटांत सुटतं. कॅमेऱ्याची पिक्चर स्टाइल मोनोक्रोम करा आणि फाइल मात्र रॉ, म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची, ठेवा. पडद्यावर कृष्णधवल दिसतं आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग शाबूत राहतात. नुसतं जेपीईजी कृष्णधवल काढलं तर रंग कायमचे गेले, मग पट्ट्या हलवायला काही उरत नाही. शिवाय जेपीईजीत एकूण २५६ च छटा असतात. बारा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४०९६ पायऱ्या मिळतात. रंगीत फोटोत ही कमतरता खपून जाते. कृष्णधवलमध्ये आभाळ गडद करायला ओढलं की त्यात पट्टे पडतात.

तालमीतली माती आणि पैलवान एकाच रंगाचे असतात

कोल्हापुरात राहायचं आणि तालमीत फोटो काढायचे नाहीत, हे होत नाही. पण आतापर्यंत मी जितक्या हौशी लोकांचे तालमीतले फोटो पाहिले, त्यातल्या निम्म्याहून जास्त फोटोंत पैलवान मातीत बुडालेला असतो, आणि तेही कुस्ती हरल्यामुळे नव्हे. आखाड्याची माती तांबडी. त्यात हळद, तेल, ताक, लिंबू, कापूर मिसळलेला. तीच माती अंगाला चोळलेली. म्हणजे माती नारिंगी, अंग नारिंगी. नारिंगीची पट्टी वर केली तर दोन्ही उजळतात, खाली केली तर दोन्ही बुडतात. इथे कुठलीच पट्टी कामाला येत नाही. मातीत लालसरपणा जरा जास्त असतो म्हणून लालची पट्टी दहा-पंधराने खाली आणून थोडा फरक काढता येतो. पण तो थोडाच.

उपाय पुन्हा उभं राहण्याच्या जागेत आहे. तालमीला बहुधा एक दार आणि उंचावर एखाददुसरा झरोका असतो. दाराकडे पाठ करून उभे राहिलात की उजेड सरळ समोर पडतो आणि सगळं चपटं होतं. आत जा, बाजूच्या भिंतीला टेका, दाराचा उजेड पैलवानाच्या खांद्यावर आडवा येऊ द्या. मग थोडं खाली बसा. खांद्याची उजळलेली कड मातीवर न पडता मागच्या अंधाऱ्या भिंतीवर पडली पाहिजे. वीतभर खाली बसण्यात फोटो पालटतो. उभं राहून काढलेल्या फोटोत पाठीमागे माती येते, बसून काढलेल्यात भिंत.

इथली दुसरी चूक आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, वाढवायला घाबरण्याची. 'नॉइज येईल' म्हणून लोक ४०० वर अडून बसतात, शटर १/३० पर्यंत खाली येतं, आणि डावात असलेल्या दोघांचा धूर होतो. ३२०० करा, १/२५० ठेवा. रंगीत फोटोत नॉइज ठिपक्यांसारखा टोचतो. कृष्णधवलमध्ये तो रव्यासारखा दिसतो आणि मातीच्या फोटोत रवा शोभतो. फ्लॅश मात्र नको. एक तर सपाट उजेड पडतो, दुसरं म्हणजे वस्ताद बाहेर काढतील. आधी विचारा, चपला बाहेर काढा, पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

मीटरला दगड काळा आहे हे माहीत नसतं

पंचगंगा घाटावरच्या देवळांचे किंवा न्यू पॅलेसचे फोटो राखाडी, धुरकट येतात आणि लोक लेन्सला दोष देतात. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल त्याला मध्यम राखाडी समजतं. साधारण १८ टक्के प्रकाश परत फेकणारं काहीतरी आहे, असं धरूनच ते हिशेब करतं. चौकटभर काळा दगड असेल तर 'अंधार फार आहे' म्हणून ते एक्सपोजर वाढवतं आणि दगड धुतल्यासारखा होतो. एक स्टॉप कमी करा, म्हणजे प्रकाश निम्मा.

गुऱ्हाळावर याच्या नेमकं उलटं. काहिलीवरची वाफ चौकटभर पसरली की मीटर दचकून एक्सपोजर कमी करतं आणि वाफेचा धूर होतो. तिथे अर्धा ते एक स्टॉप वाढवायचा, पण हिस्टोग्रामवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या छटांच्या आलेखावर, नजर ठेवून. डिजिटलमध्ये पांढरं एकदा पूर्ण फुटलं की त्यातून काही परत येत नाही. गुळव्याच्या फोटोत वाफेला आकार दिसला पाहिजे, आणि तो दिसण्यासाठी मागे काहीतरी काळं लागतं. धुराने काळवंडलेलं छप्पर त्यासाठी उत्तम. थंडीच्या पहाटे बाहेरून आत गेलात की लेन्सवर दव धरतं. पुसत बसू नका, पुन्हा धरतं. काच गरम होईपर्यंत रस पीत बसा.

काळंकुट्ट आभाळ

पन्हाळ्याच्या बुरुजावर काळं आभाळ आणि पांढरे ढग, हा मोह मला समजतो. लोक निळ्याची पट्टी उणे शंभरला नेतात. मग आभाळात रवाळ डाग उठतात आणि बुरुजाच्या कडेला पांढरी रेघ येते, कुणीतरी खडूने गिरवल्यासारखी. उणे ३५-४० वर थांबा. आणखी हवं असेल तर फोटो काढतानाच पोलरायझर, म्हणजे निळं आभाळ गडद करणारा फिल्टर, लावा. एप्रिलमध्ये आपल्याकडे आभाळ निळं नसतंच, धुळीने पांढुरकं असतं. नाही त्या निळ्याला काळं कसं करणार? पाऊस उघडल्यावर, ऑक्टोबरात जा.

आभाळ काळं करणारा लाल फिल्टर फिल्मच्या कॅमेऱ्याला लावा, डिजिटलला नको. डिजिटल सेन्सरवर चारातला एकच पिक्सेल लाल बघणारा असतो. लाल फिल्टर लावला की बाकीचे तीन जवळजवळ रिकामे बसतात. फिल्मवर गडद लाल फिल्टर आठपट प्रकाश खातो, म्हणजे तीन स्टॉप. १/५०० चं शटर १/६० वर येतं. हे विसरलात तर अख्खा रोल अंधारात जातो. माझा गेलाय.

'फोटो बिघडला, ब्लॅक अँड व्हाइट कर' ही सवय सोडा, एवढंच म्हणतो. आणि सगळा फोटो कृष्णधवल ठेवून नवरीचं कुंकू तेवढं लाल ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

उन्हाळ्यात नळाच्या पाण्याने फिल्म धुणं

ज्यांच्याकडे फिल्म आहे त्यांच्यासाठी. इलफर्डची एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे निगेटिव्हवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात, एकास एक पाणी घालून २० अंशांना १३ मिनिटं डेव्हलप करतात. हे वाचून मी एका मे महिन्यात टाकीच्या पाण्याने १३ मिनिटं केली. पाणी २९ अंशांचं होतं, हे नंतर बघितलं. निगेटिव्ह इतकी दाट आली की दिव्यासमोर धरूनही आभाळाच्या जागी नुसता काळा पत्रा. तापमान अंशाने वाढलं की वेळ ढोबळमानाने दहा टक्क्यांनी घटवावी लागते. २४ अंशांना तीच फिल्म नऊ मिनिटांच्या आसपास होते. त्याच्या पुढे जाऊ नये. वेळ पाच मिनिटांच्या खाली गेली की डेव्हलपमेंट डागाळ होते.

बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होतो. बाटल्या बादलीत उभ्या करा आणि बर्फ बादलीत टाका. माझा स्वस्त उपाय माठाचा. कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी नळापेक्षा बरंच थंड असतं. डेव्हलपर त्यानेच पातळ करायचा आणि शेवटचं धुणंही त्याच तापमानाच्या जवळ ठेवायचं. घरच्यांनी माझ्यासाठी वेगळा माठ आणून दिला आणि त्यावर 'पिऊ नये' असं लिहून ठेवलं.

निगेटिव्ह दुधाळ दिसली तर घाबरू नका. फिक्सरची, म्हणजे चित्र कायम करणाऱ्या रसायनाची, ताकद संपलेली आहे. ताजा फिक्सर करून परत घाला, उजेडात केलं तरी चालतं. पुढच्या वेळी आधी फिल्मचा एक तुकडा फिक्सरमध्ये टाकून बघायचा. तो जितक्या वेळात पारदर्शक होईल, त्याच्या दुप्पट वेळ फिक्स करायचं. पावसाळ्यात लेन्स कापडी पिशवीत ठेवू नका, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि त्याचा रंग बदलला की तापवून घ्या. तांदूळ नकोत, त्यांचा भुगा होतो.

प्रिंट पडद्यापेक्षा काळी येते

रात्री अंधाऱ्या खोलीत, पडद्याचा उजेड पूर्ण वाढवून फोटो करणार, मग प्रिंट काळी येणारच. पडद्याची चमक निम्म्यावर आणा आणि आधी छोटी प्रिंट काढून दिवसा खिडकीशी बघा. रंगीत कागदावरची कृष्णधवल प्रिंट हिरवट किंवा जांभळट झाक घेते. ती झाक प्रिंटची आहे की खोलीतल्या ट्यूबची, हेही खिडकीशीच कळतं.

तालमीतला एक फोटो मी असाच मोठा करून वस्तादांना नेऊन दिला होता. त्यांनी तो हातात धरला, मग उठून दाराच्या उजेडात नेला, बराच वेळ बघितला. "पोरगं झकास आलंय," म्हणाले, "पण माती कुठं गेली?" काळ्यात बुडाली होती. अर्धा स्टॉप उजळ करून परत प्रिंट काढली. ती आता मारुतीच्या तसबिरीशेजारी टांगली आहे, बरोबर ट्यूबखाली, आणि हिरवी दिसते.