चीनमध्ये शिकवायला जाताय? पहिल्या महिन्याचा क्रम आधी नीट लावा

मी दोन वर्षं चीनच्या युन्नान प्रांतातल्या खुनमिंगमधल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचे विषय शिकवले, आणि परत आल्यापासून दर उन्हाळ्यात कोणाचा ना कोणाचा फोन येतोच की ताई, सोबत काय काय नेऊ, मसाले किती नेऊ, स्वेटर लागेल का. सगळ्यांना बॅगेची काळजी. माझं म्हणणं असं की बॅगेत काही राहिलं तर ते तिथे मिळतं किंवा त्याच्यावाचून चालतं, पण कामांचा क्रम चुकला तर महिनाभर अडकून बसता, कारण तिथे एका कागदावर दुसरा कागद उभा असतो. पासपोर्टवर सिम, सिमवर बँक, बँकेवर पगार आणि फोनमधले पैसे, आणि या सगळ्याच्या खाली व्हिसा आणि पोलिसांकडची नोंद. म्हणून मी क्रमानेच सांगते.

पहिली गोष्ट व्हिसा. कामासाठी फक्त झेड व्हिसा, आणि त्याच्याआधी कॉलेजकडून आलेलं वर्क परमिटचं पत्र. एखादा एजंट म्हणाला की आत्ता बिझनेस व्हिसावर या, तिथे आल्यावर बदलून देऊ, तर सरळ नाही म्हणा, त्या व्हिसावर शिकवणं बेकायदा आहे आणि पकडलं गेलं तर दंड आणि परत पाठवणी तुमची होते, एजंटची नाही. भाषा शिकवायला जाणार असाल तर साधारण नियम असा आहे की ती तुमची मातृभाषा हवी, त्यामुळे इंग्रजी शिकवायचं काम भारतीय पासपोर्टवर मिळणं अवघड जातं, आपल्याकडचे लोक जास्त करून विषय, हिंदी नाहीतर योग शिकवायला जातात. खुनमिंगच्या युन्नान मिन्झू विद्यापीठात तर 2015 पासून भारत-चीन योग कॉलेजच आहे. पदवीचं अटेस्टेशन आणि पोलीस क्लिअरन्स यांना वेळ लागतो, त्यामुळे ऑफर हातात आली की त्याच आठवड्यात ते काम सुरू करा.

निघायच्या आधी घरूनच तीन कामं करून निघा. एक, भारतातल्या सिमवर इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या आणि तो नंबर मरू देऊ नका, बँकेचे सगळे ओटीपी त्याच्यावरच येतात आणि तिथे बसून नंबर बदलता येत नाही. दोन, जीमेल सोडून दुसरा एखादा ईमेल काढा, कारण तिथे गूगलचं काहीच चालत नाही, ना मेल, ना मॅप, ना प्ले स्टोअर, आणि व्हॉट्सअ‍ॅप पण नाही. तीन, घरच्यांशी बोलायचं कसं ते घरच्यांसोबत बसून ठरवा. वीचॅट, म्हणजे तिथलं निरोप पाठवायचं आणि पैसे द्यायचं ॲप, भारतात 2020 च्या जूनपासून बंद आहे, म्हणजे तुमच्याकडे असलं तरी आईकडे नसणार. भारतीय सिमच्या रोमिंगचं इंटरनेट इथल्या कंपनीमार्फत फिरतं म्हणून त्याच्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं, महाग पडतं पण पहिल्या दिवशी पोचले म्हणून कळवायला तेवढा पॅक घ्याच. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइम बहुतेक लागतो. मी पहिल्या दिवशी आईला सांगायला विसरले होते की फोन बंद लागेल, आणि त्या एका रात्रीत घरी काय झालं असेल ते तुम्हीच समजून घ्या. वेळेचं म्हणाल तर ते अडीच तास पुढे आहेत, अख्ख्या देशाला एकच वेळ, त्यामुळे रात्रीचं जेवण झाल्यावर फोन केला की इकडे संध्याकाळचा चहा चालू असतो.

पोचल्यावर पहिल्या 24 तासांत पोलिसांकडे नोंद. हॉटेलात उतरलात तर हॉटेलवाले करतात, पण कॉलेजच्या क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या घरात उतरलात तर जवळच्या फायछूस्वोमध्ये म्हणजे पोलीस चौकीत जाऊन ती तुम्हालाच करावी लागते. चुकलात तर 2000 युआनपर्यंत दंड होऊ शकतो. फिरायला बाहेर जाऊन परत आलात की पुन्हा करायची का, तेही तिथेच विचारून ठेवा. मग मेडिकल, रिकाम्या पोटी जायचं, रक्त, एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी सगळं एका सकाळी होतं. मग 30 दिवसांच्या आत रेसिडन्स परमिटचा अर्ज. या अर्जात पासपोर्ट दोन-तीन आठवडे त्यांच्याकडे राहतो आणि तुमच्या हातात फक्त एक पावती, त्यामुळे सिम आणि बँक ही दोन्ही कामं पासपोर्ट जमा करायच्या आधी उरकून घ्या, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बँकेत नाव कसं टाकलं जातंय हे काउंटरवर उभं राहून बघा, लाजू नका. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि पासपोर्टवर त्यातलं काय कुठे छापलंय यावर सगळं अवलंबून. माझ्या बँकेतल्या मुलीने आडनाव आधी टाकलं आणि मधली जागा गाळली, मोबाइल कंपनीने नाव आधी टाकलं आणि जागा ठेवली, झालं, दोन्हीकडे मीच असून दोघांच्या मते मी वेगवेगळी बाई, वीचॅटला बँकेचं कार्ड जोडलं जाईना. त्यासाठी मला चार वेळा बँकेत जावं लागलं. तेव्हा पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसं नाव आहे तसं, त्याच क्रमाने, सगळीकडे एकसारखं टाकायला लावा आणि प्रत्येक ठिकाणी पावतीचा फोटो काढून ठेवा.

तोपर्यंत पैसे कशाने द्यायचे? अलिपे या पैसे द्यायच्या ॲपला आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं, 200 युआनपर्यंतच्या व्यवहाराला जादा पैसे पडत नाहीत, त्याहून मोठ्या व्यवहाराला 3 टक्के जातात. रुपे आणि यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका. थोडे युआन रोख ठेवा, कायद्याने नोट नाकारता येत नाही पण भाजीवाल्या आजीकडे सुद्धा क्यूआर कोडच लटकलेला असतो आणि शंभरची नोट काढली की ती सुट्टे शोधत बसते. वीचॅटचं खातं उघडताना कधीकधी आधीच्या एखाद्या वापरणाऱ्याने तुमचा कोड स्कॅन करून ओळख द्यावी लागते, ते काम वायपानमधल्या माणसाकडून करून घ्या. वायपान म्हणजे परदेशी शिक्षकांचं सगळं बघणारं ऑफिस. तिथल्या एका व्यक्तीशी पहिल्याच दिवशी नीट ओळख करून घ्या, घरून नेलेली चिक्की द्या, बसून बोला, कारण पुढचं वर्षभर गीझर बिघडला तरी तुम्ही तिलाच फोन करणार आहात. फक्त दुपारी 12 ते 2 फोन करू नका. जेवण आणि मग झोप, ऑफिसं बंद, कॅम्पस चिडीचूप, मुलं बेंचवर डोकं टेकून झोपतात आणि कोणालाच त्यात वावगं वाटत नाही.

आता भाषा, आणि इथे मी जरा रेंगाळणार, कारण मराठी माणसाला या भाषेत जो फायदा आहे तो कोणी सांगतच नाही. चिनी शब्द रोमन लिपीत लिहितात त्याला पिनयिन म्हणतात, आणि ते इंग्रजीसारखं वाचलं की सगळं चुकतं. त्यातला बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ, पण फळातला फ, ओठ मिटून काढलेला. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख. जे म्हणजे चहातला च, क्यू म्हणजे छ. आणि झेड म्हणजे चमच्यातला च! इंग्रजी बोलणाऱ्यांना हे दोन च वेगळे काढायला महिने लागतात, आपण लहानपणापासून चहा आणि चमचा वेगवेगळे बोलतोय. म्हणूनच आपण बीजिंग म्हणतो ते त्यांच्या तोंडी पेइचिंग आहे, आणि कुनमिंग हे खुनमिंग. वर आणि खाली मी सगळे शब्द तसेच लिहिलेत. हे डोक्यात बसलं त्या आठवड्यापासून रिक्षावाला, दुकानदार सगळ्यांना माझं कळायला लागलं. सूर मात्र शिकावेच लागतात, माय खाली जाऊन वर आला तर विकत घेणं आणि वरून खाली पडला तर विकणं, बाजारात हा फरक लागतो. रोज 20 मिनिटं एखाद्या विद्यार्थ्यासोबत बसा, ॲपपेक्षा माणूस बरा.

खाणं. शाकाहारी असाल तर 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी आहे एवढं पाठ करा, पण तेवढ्यावर थांबू नका. तिथे पालेभाजीत खिमा भुरभुरलेला असतो, सूप हाडांचं असतं, आणि फोडणी डुकराच्या चरबीची असू शकते, आणि वाढणाऱ्याच्या मते ती भाजीच असते, तो फसवत नसतो. म्हणून तीन शब्द वेगवेगळे सांगायचे: रोउ म्हणजे मांस नको, रोउमो म्हणजे खिमा नको, चूयोउ म्हणजे चरबी नको. नको म्हणजे पूयाओ. हे एका विद्यार्थ्याकडून चिनी लिपीत लिहून घ्या आणि फोनच्या वॉलपेपरला लावा. बिनधास्त मागवावं असं म्हणजे थूतोउस, बटाट्याचे किसासारखे लांब काप, व्हिनेगर आणि मिरचीत परतलेले, आणि अंडं खात असाल तर टोमॅटो-अंडं, ते देशभर कुठेही मिळतं. बौद्ध देवळांच्या आसपास पूर्ण शाकाहारी खानावळी असतात. आणि युन्नानमध्ये गेलात तर रूपिंग शोधा, बकरीच्या दुधाचं पनीरच ते, बाजारात ठोकळे मिळतात, तव्यावर तेल टाकून दोन्ही बाजूंनी लाल करायचं, वर मीठ-मिरची, पहिला घास घेतला आणि मला खरंच रडू आलं होतं.

घरी स्वयंपाक करणार असाल तर हिंग, गोडा मसाला, आमसुलं आणि मोहरी कुटलेली असेल तर तीच, एवढं न्या. दुधाचे पदार्थ, ताजी फळं-भाज्या आणि बिया कस्टममध्ये चालत नाहीत, तेव्हा तुपाची बरणी आणि कढीपत्त्याची जुडी घरीच ठेवा. हिरवे मूग, शेंगदाणे, आलं, लसूण, कोथिंबीर, मिरची सगळं खालच्या बाजारात आहे, जिरे आणि हळद ऑनलाइन. साबुदाणा शीमी नावाने मिळतो, दाणा बारीक असतो म्हणून पाणी अगदी कमी घालून भिजवा. नळाचं पाणी पीत नाहीत, पण खायश्वेइ म्हणजे उकळलेलं पाणी कॉलेजात, स्टेशनवर, रेल्वेत सगळीकडे फुकट असतं, एक चांगला थर्मास घ्या.

थंडीचा अंदाज चुकतो लोकांचा. खुनमिंग साधारण 1900 मीटरवर आहे, महाबळेश्वरपेक्षाही वर, दिवसा छान ऊन असतं पण दक्षिणेकडच्या शहरांत उत्तरेसारखं सरकारी हीटिंग नाही, त्यामुळे डिसेंबरात रस्त्यापेक्षा घरात गारठा जास्त. थर्मल आणि तिथे मिळणारी विजेची गादी घ्याच.

वर्गात काय होतं ते सांगते. तुम्ही आत आलात की 'लाओश हाओ', लाओश म्हणजे शिक्षक, त्यांना नमस्कार, मग शांतता. मी पहिले तीन आठवडे समजत होते की यांना इंग्रजी कळत नाहीये. 'तोंग ल मा', कळलं का, विचारलं की चाळीस जण म्हणायचे कळलं. आणि तास संपला, मी लॅपटॉप बंद करत होते, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी वही छातीशी धरून आली, माझ्यासमोर उभी राहिली, वही उघडली, तर त्यात अकरा प्रश्न होते, बारीक अक्षरात, नंबर घालून, आणि त्यातले दोन असे होते की मला घरी जाऊन बघावे लागले. सगळ्यांसमोर चुकलं तर लाज, आणि लाओशला मधेच थांबवणं बरं नाही, एवढंच असतं ते. तेव्हापासून मी प्रश्न टाकला की आधी दोघादोघांना तीन मिनिटं आपसात बोलू द्यायची, मग एका जोडीला विचारायची, आणि प्रत्येक तासानंतर दहा मिनिटं तिथेच बसून राहायची. हे तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. वीचॅटवर वर्गाचा ग्रुप असतो, रात्री अकराला प्रश्न येतात, त्याची वेळ ठरवून सांगा, मुलं पाळतात.

सुट्ट्यांचं एक लक्षात ठेवा. ऑक्टोबरची आणि चिनी नववर्षाची मोठी सुट्टी देतात पण तिच्या बदल्यात आधीचा किंवा नंतरचा शनिवार-रविवार कामाचा होतो, त्याला थियाओश्यू म्हणतात, आणि त्या रविवारी शुक्रवारचे तास असू शकतात, त्यामुळे वेळापत्रक दर सुट्टीआधी वायपानला विचारा. रेल्वेचं तिकीट 15 दिवस आधी उघडतं, पासपोर्ट हेच तिकीट.

गावाचं नाव विचारलं तर मुंबई सांगा, तिकडे मंगमाय म्हणतात, लगेच कळतं. आणि स्टाफरूममध्ये वयस्कर कोणी असलं तर सोलापूरच्या डॉक्टर कोटणीसांचं नाव काढा, पण त्यांच्या चिनी नावाने, ख तीह्वा. 1938 मध्ये ते चीनमधल्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेले, 1942 मध्ये तिथेच वारले, शिच्याच्वांगला त्यांची समाधी आहे. माझ्या शेजारच्या टेबलवरचे निवृत्तीला आलेले सर, जे सहा महिने फक्त मान हलवायचे, ते हे नाव ऐकून खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले, आणि त्या दिवसापासून थर्मासमधला चहा मला आधी मिळायला लागला.

आणि कॅन्टीनमध्ये वाढणाऱ्या बाईंना आयी म्हणायचं, त्यांच्या भाषेत मावशी, आपल्या कानाला आईच. मी रोज तोच एक काउंटर धरला, रोज त्याच आयी, रोज तेच तीन शब्द. दुसऱ्या सेमिस्टरला त्या मला लांबून बघूनच डावाने खिमा बाजूला सारायच्या आणि मी तोंड उघडायच्या आत मोठ्याने म्हणायच्या, "पूयाओ रोउ!"