पुस्तकाची पीडीएफ फिरू लागल्यास लेखकाने काय करावे

पुस्तक बाजारात येऊन महिना होत नाही तोच त्याची स्कॅन केलेली प्रत टेलिग्रामवरच्या एखाद्या चॅनेलवर दिसते आणि तिथून वाचकांच्या व्हॉट्सॲप गटांत पसरते. हे कळताच बहुतेक लेखक संतापून चॅनेल चालवणाऱ्याला खडसावतात. त्याच रात्री चॅनेलचे नाव बदलते, फाइल नाहीशी होते आणि लेखकाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून समोरच्याला एक अक्षरही लिहिण्यापूर्वी पुरावा गोळा करावा.

चॅनेलचे नाव, त्याचा दुवा, फाइल असलेल्या संदेशाचा स्वतंत्र दुवा, तारीख, वेळ आणि सदस्यसंख्या दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत. फाइल उतरवून घ्यावी, तिचे नाव बदलू नये आणि ज्या फोनवर ती उतरवली तो फोन सांभाळून ठेवावा. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63नुसार अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्यात फाइलचे हॅशमूल्य, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून संगणकाने काढलेली तिची ओळखखूण, नमूद करायचे असते. फाइलमध्ये किंचितही फेरफार झाला तर ते मूल्य बदलते. त्यानंतर फाइल पान उलटून पाहावी. माझ्या पुस्तकाच्या अशा एका प्रतीत एका पानाच्या डाव्या कडेला पुस्तक धरणाऱ्याचा अंगठा उमटला होता आणि हक्कांची नोंद असलेले पान तेवढे गाळले होते. तोच अंगठा दुसऱ्या चॅनेलवरच्या फाइलमध्ये सापडला, तेव्हा दोन्हींचे मूळ एकच असल्याचे उघड झाले.

पुढचा प्रश्न हक्क कोणाचा, हा आहे आणि त्याचे उत्तर आठवणीवर न सोडता करारपत्र काढून वाचावे. हक्क प्रकाशकाला अभिहस्तांकित केले, म्हणजे कराराने त्याच्या नावे करून दिले असतील, तर कारवाईचा अधिकारही सामान्यतः त्याच्याकडे जातो आणि त्याला सोबत घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मात्र करारात मुदत लिहिलेली नसेल, तर 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 19नुसार ती पाच वर्षांची मानली जाते. त्यामुळे जुन्या पुस्तकांचे हक्क लेखकाकडे परत आलेले असू शकतात. नोंदणी झालेली नाही म्हणून खचून जाऊ नये. कॉपीराइट साहित्यकृती निर्माण होताच मिळतो. नोंदणी हा त्याचा प्रथमदर्शनी पुरावा आहे. साहित्यकृतीच्या नोंदणीचे शुल्क 500 रुपये आहे, परंतु अर्जानंतर हरकतींसाठी 30 दिवस थांबावे लागत असल्याने ऐन वेळी तिचा उपयोग होत नाही. पुढच्या पुस्तकाची नोंदणी मात्र आधीच करून ठेवावी.

आता नोटीस. कायद्याचे कलम 52(1)(ग) आणि 2013च्या नियमांतील नियम 75 यांनुसार, फाइल साठवणाऱ्या किंवा तिचा दुवा देणाऱ्या मंचाला लेखी तक्रार, म्हणजेच ही नोटीस, देता येते. कृतीचे वर्णन, मालकीचा तपशील, फाइलचा नेमका दुवा आणि ती प्रत बेकायदा का आहे, हे तिच्यात असावे लागते. तक्रार मिळाल्यावर 36 तासांत मंचाने त्या फाइलपर्यंतची वाट बंद करायची असते, पण ती 21 दिवसांसाठीच. तेवढ्या मुदतीत दावा दाखल करून न्यायालयाचा आदेश आणून देण्याची हमी लेखकाने त्याच तक्रारीत द्यायची असते आणि आदेश आला नाही तर मंचाला फाइल पुन्हा खुली करता येते. माझ्या मते लेखक इथेच सर्वाधिक फसतात. नोटीस धाडून मगच वकिलाचा शोध सुरू होतो आणि 21 दिवस कागद जमवण्यातच सरतात. वकील ठरलेला, दाव्याचा मसुदा तयार आणि करारपत्राची प्रत हाताशी असेल, तेव्हाच नोटीस पाठवावी.

दाव्यासाठी परगावी धावण्याची गरज सहसा पडत नाही, कारण कलम 62नुसार लेखक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, तिथल्या जिल्हा न्यायालयात तो दाखल करता येतो. चॅनेल चालवणारा अज्ञात असेल, तर आपल्याकडे ‘अशोक कुमार’ या नावाने प्रतिवादी दाखवण्याची रीत आहे. त्याचे खरे नाव मिळवण्याची मागणीही जरूर करावी. ऑगस्ट 2022मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका शिक्षिकेच्या दाव्यात, तिचे अभ्याससाहित्य वाटणाऱ्या चॅनेलचालकांचे फोन क्रमांक आणि आयपी पत्ते उघड करण्याचा आदेश टेलिग्रामला दिला. सर्व्हर परदेशात असल्याची सबब तिथे चालली नाही.

पोलिसांकडेही जाता येते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद होऊ शकते आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022मध्ये स्पष्ट केले आहे. पोलीस ठाण्यात त्या निकालाची प्रत सोबत न्यावी.

व्हॉट्सॲप गटांची गोष्ट वेगळी आहे. तिथले संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीला ते वाचता येत नाहीत. फाइल टाकणाऱ्याचा क्रमांक हाच तेथील मुख्य धागा असतो. गटचालकाला सरसकट आरोपी करण्याच्या फंदात पडू नये: सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ गटचालक म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021मध्ये म्हटले आहे. त्याला सभ्य शब्दांत पत्र लिहावे आणि सोबत पुस्तक विकत कुठे मिळते तो पत्ता द्यावा.