आर्मेचर बदलायच्या आधी वायर बघा

आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड करून मी इंदूरला सियागंजजवळ पॉवर टूल रिपेअरिंगच्या दुकानात बसायला लागलो तेव्हा वाटायचं की काम म्हणजे काय, खोला, जळलेलं काढा, नवं टाका, झालं. गिऱ्हाईक पण निदान घरूनच करून येतं, "भिया, कुछ नहीं है, बस कार्बन डाल दो." आणि बरेचदा तेवढंच असतं सुद्धा. कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारा ब्रश, दोन असतात) घासून ५-६ मिमी उरला की बदला, दोन्ही बदला, एक जुना एक नवा असलं करू नका. कॉम्युटेटरवर (कार्बन जिच्यावर घासतो ती तांब्याची रिंग) बारीक निळसर ठिणगी चालते, पण सगळी रिंगच पेटल्यासारखी दिसली तर बहुतेक आर्मेचर, म्हणजे मोटरचा तार गुंडाळलेला फिरता भाग, शॉर्ट आहे. तिथे नुसता कार्बन टाकून पैसे घेतलेत तर मशीन चार दिवसांत परत येणार आणि शिव्या तुम्हाला.

माझी खरी शिकवणी एका मार्बल कटरवर झाली. टाइल्सचं काम करणारा एक जण, आर्मेचर जळालं म्हणून घेऊन आला, मी रेडीमेड आर्मेचर टाकून दिलं. महिन्याभरात परत तेच. मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, दादा आता नवीनच घ्या, यात दम नाही राहिला. त्यांनी घेतलं बिचाऱ्यांनी, आणि ते नवंसुद्धा जळालं! तेव्हा दुकानवाले काका मला म्हणाले, जा, साइटवर जाऊन मल्टिमीटर लाव. बघतो तर ५० मीटरचं एक्सटेन्शन, वायर अर्ध्या चौरस एमएमची, साइटच्या विजेच्या मीटरवरच व्होल्टेज १९० आणि कटर चालू केला की टोकाला १७० च्या आसपास. १२०० वॅटचं मशीन साधारण ५ अँपिअर खेचतं, त्या वायरीतच १७-१८ व्होल्ट जातात. मग ब्लेड मंद होतं, माणूस अजून जोर लावतो, करंट वाढतो, आतला पंखा हळू फिरतो, वर पांढरी धूळ जाळीत बसलेली. नवं असो की जुनं, जळणारच. अडीच एमएमची वायर घ्यायला लावली, तेव्हापासून तो कटर फक्त कार्बनला येतो. म्हणून आता मी आधी विचारतो, कुठे चालवता, किती लांब वायर, मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो.

नवं घ्या असं मी कधी सांगतो? स्वस्तातल्या ग्राइंडरला ॲल्युमिनियमचं वाइंडिंग निघालं आणि आर्मेचर आणि फील्ड (त्याच्या भोवतीचं स्थिर वाइंडिंग) दोन्ही गेलं, तर मजुरी धरून हिशोब नव्याच्या जवळ जातो. ब्रशलेसचं, म्हणजे कार्बन नसलेल्या मशीनचं, सर्किट रेझिनमध्ये बुडवलेलं असतं, तिथे आपलं काही चालत नाही, बोर्ड मिळाला तर ठीक. कॉर्डलेसची १८ व्होल्टची बॅटरी म्हणजे ओळीत ५ सेल (किंवा ५ जोड्या), एकच नवा टाकलात तर तो बाकीच्या थकलेल्यांच्या ओळीत बसतो आणि पॅक फार टिकत नाही. उलट जुना जड ड्रिल, गिअर शाबूत, नुसतं बेअरिंग घरघरतंय, तो टाकून देणं म्हणजे पाप आहे हो. ६०८ नंबरचं बेअरिंग कितीसं महाग असतं?

एक मात्र मी करत नाही. चौकोनात चौकोन अशी खूण असते ते डबल इन्सुलेशनचं मशीन, त्याला अर्थिंगची वायरच नसते, शॉकपासून बॉडीच वाचवते, आणि त्याचीच बॉडी तडकलेली आली की टेप मारून देत नाही. बॉडी मिळाली तर बदलतो, नाहीतर तसंच परत. एक जुनं गिऱ्हाईक यावरून रुसलं, अजून दुकानाची पायरी चढलेलं नाही.