सेलीन साँगचा पहिला सिनेमा आपल्या गटापुढे कसा मांडायचा

आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही दहा-बारा जणी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि सिनेमा पाहतो. सेलीन साँग या दिग्दर्शिकेचा ‘पास्ट लाइव्हज्’ मी दोनदा दाखवला. पहिल्या खेपेला सुरुवातच पुरस्कारांच्या यादीनं केली. पाचव्या मिनिटाला निम्म्या जणी चहाचं बघायला उठल्या. दुसऱ्या खेपेला जे जमलं ते इथं सांगते.

आधी सिनेमा एकटीनं पूर्ण पाहा. पावणेदोन तासांचा आहे. बोलणं कोरियन आणि इंग्रजी, त्यामुळे खालच्या ओळी सगळ्यांना भराभर वाचता येत नाहीत. जिचं वाचन पक्कं आहे तिला पडद्याशेजारी बसवा आणि मोजकंच मराठीत सांगायला लावा. फळ्यावर तीन नावं लिहून ठेवा: नोरा (लहानपणी ना यंग), हे संग, आर्थर. घरातल्या घरात पाहणं वेगळं. वाचनालयात किंवा हॉलमध्ये दाखवणार असाल तर तिकीट नसलं तरी हक्क असलेल्या कंपनीची लेखी परवानगी घ्या.

बाईंची ओळख करून देताना ‘पहिलाच सिनेमा आणि थेट ऑस्कर’ असं म्हणू नका. त्यात तिची मधली वर्षं गिळली जातात. सेलीन साँगचा जन्म 1988 सालचा, दक्षिण कोरियातला. वडीलही सिनेदिग्दर्शक. बाराव्या वर्षी कुटुंबासोबत कॅनडात गेली, तिथं मानसशास्त्र शिकली, मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नाट्यलेखन. समुद्रात बुडी मारून शिंपले काढणाऱ्या कोरियन म्हाताऱ्यांवरचं तिचं ‘एंडलिंग्ज’ हे नाटक 2019 मध्ये अमेरिकेत रंगमंचावर आलं. 2020 मध्ये न्यूयॉर्कला लागलं आणि महामारीनं थिएटरंच बंद केली. सिनेमा आला तो त्यानंतर, 2023 मध्ये. हात बसल्यावर पहिला नग विणला, एवढं सांगितलं की आमच्याकडे कळतं.

आता मुख्य गोष्ट. या सिनेमाचं बीज एका बारमध्ये आहे. कोरियाहून भेटायला आलेला बालपणीचा मित्र एका बाजूला, अमेरिकन नवरा दुसऱ्या बाजूला आणि मधे बसून सेलीन दोघांचं बोलणं एकमेकांना सांगते आहे. सिनेमा त्याच दृश्यानं उघडतो. नोरा, तिचा बालमित्र हे संग आणि नवरा आर्थर असे तिघं बसलेले, आणि दुरून कुणीतरी अंदाज बांधतंय की यांचं आपसात नातं काय असेल. इथं सिनेमा थांबवा आणि बायकांनाही अंदाज बांधू द्या.

मी तिथं माझ्या नानम्माचं, म्हणजे वडिलांच्या आईचं, सांगितलं. तेलुगूच बोलायची. मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, बोटांच्या टोकांना तंबाखूचा पिवळा डाग कायमचा. खांदा धरला म्हणून तिला डॉक्टरकडे नेलं तेव्हा मी नऊ वर्षांची. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवस दुखतंय? नानम्मा लांबलचक बोलली. आजोबांची मिल सुटली तेव्हापासून, रात्री कंदिलापाशी किती वळल्या तिथपासून. मी मराठीत सांगितलं, “पंधरा दिवस.” बाकीचं माझ्यापाशीच राहिलं. सिनेमातली नोराही तशीच मधे बसते. नंतर ती नवऱ्याला सांगायचं थांबते आणि दोघं कोरियनमध्येच बोलत राहतात. आर्थर नुसता बसून असतो. त्याच्या चेहऱ्याकडे बघायला सांगा.

‘इन-यन’ हा नशिबानं जुळलेल्या नात्यासाठीचा कोरियन शब्द आला की कुणीतरी ‘ऋणानुबंध’ म्हणणारच. म्हणू द्या, पण तिथंच सोडू नका. आपल्या शब्दात ऋण आहे, मागचं फेडायचं राहिलेलं. त्यांच्याकडे रस्त्यात दोन परक्यांच्या कपड्याला कपडा लागला तरी ते गेल्या जन्मीचं काहीतरी, आणि लग्न झालं तर 8,000 जन्मांचे 8,000 थर. कपड्याला कपडा! चादरींच्या गावात यावर अर्धा तास सहज जातो.

सिनेमाचं कुठं कसं स्वागत झालं ते शेवटी, आणि थोडक्यात. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या सन्डान्स महोत्सवात पहिला खेळ, फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत. 2024 च्या ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि मूळ पटकथा अशी दोन नामांकनं. पुरस्कार एकही नाही. स्वतंत्र सिनेमांसाठीच्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत मात्र चित्रपट आणि दिग्दर्शन दोन्ही मिळाले. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेनंही पहिल्या चित्रपटासाठी तिला गौरवलं. नामांकन आणि पुरस्कार यांची गल्लत करू नका; तिनं जे मिळवलं ते तेवढंच खरं सांगितलं तरी पुष्कळ आहे.

शेवटाजवळ नोरा आणि हे संग रस्त्यावर गाडीची वाट बघत उभे असतात. जवळजवळ काहीच बोलत नाहीत. तिथं ओळी वाचणारीलाही गप्प बसवा. आम्ही पंखासुद्धा बंद केला होता.

दिवे लावल्यावर एकच प्रश्न विचारा: तुम्ही कुणाचं बोलणं कुणाला सांगितलंत, आणि काय गाळलंत? लगेच उत्तर येणार नाही, थांबा. आमच्याकडे शेजारच्या काकू बऱ्याच वेळानं बोलल्या. सासूबाईंना घेऊन बँकेत गेल्या होत्या. साहेब आवाज चढवून बोलले आणि काकूंनी तेलुगूत सांगितलं, “साहेब म्हणतात, उद्या या.” सासूबाई साहेबांना हात जोडून बाहेर आल्या. हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं.