मोठ्या कॉइलचा मोह: नॉरफोकचं शेत आणि पुळण

नवं मशीन, म्हणजे जमिनीतला धातू शोधणारा मेटल डिटेक्टर, घेणारा आधी हेच विचारतो, "मोठी कॉइल (जमिनीवरून फिरवायची खालची चकती) घेऊ ना? खोल जाईल." मीही तेच केलं होतं. माझ्या इक्विनॉक्स 800 या डिटेक्टरला 15 इंची कॉइल लावून इथल्या, इंग्लंडातल्या नॉरफोकच्या एका शेतात अख्खा सप्टेंबर फिरलो. मिळालं काय? भरून आलेला खांदा आणि घोड्याच्या नालेचे दोन तुकडे.

खोली महत्त्वाची खरी, पण त्याआधी कॉइलखाली एका वेळी किती कचरा येतो ते बघा. जुन्या घराच्या जागी विटांचे तुकडे दिसतात, तिथे जमिनीत खिळेच खिळे असतात. मोठी कॉइल त्यातले चार खिळे आणि एक नाणं एकदमच बघते, आणि नाण्याचा आवाज खिळ्यांत विरतो. त्याच शेताच्या कोपऱ्यात 6 इंची लावून गेलो, तर तासाभरात चांदीचं पातळ नाणं निघालं, आपल्या शिवराईसारखं हातानं ठोकलेलं. तेव्हापासून कचऱ्यात 6 इंची, मोकळ्या रानात 11 इंची. 15 इंची माळ्यावर पडून आहे.

शेतात मी मशीनचा 'फील्ड 2' हा मोड लावतो. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनशीलता) 25 पैकी 20, रिकव्हरी स्पीड (एका आवाजानंतर दुसऱ्यासाठी तयार व्हायचा वेग) 8 पैकी 6 किंवा 7. स्पीड वाढवला की शेजारशेजारचे आवाज सुटे होतात, खोली थोडी घटते. मशीन उगाच बडबडायला लागलं तर आधी नॉइज कॅन्सल करा, म्हणजे आसपासच्या विजेचा गोंगाट टाळायची सोय वापरा, तरी थांबलं नाही तर सेन्सिटिव्हिटी दोन-तीननं उतरवा. आकडा मोठा ठेवून मिरवण्यात अर्थ नाही. कॉइल झाडूसारखी टोकाला वर उचलू नका. लादी पुसताना फडकं सरकतं तशी न्या. खतातून कुटलेले कॅन पसरलेलं शेत दिसलं तर मुकाट्यानं घरी या.

इथे इंग्लंडात शेतमालकाची परवानगी हवीच, आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर लेखी संमतीशिवाय मशीन लावणं गुन्हा आहे. कायद्यानं 'ट्रेझर' (जुनं गुप्तधन) ठरेल असं काही मिळालं तर 14 दिवसांत कळवावं लागतं. सुट्टीत मशीन रत्नागिरीला न्यायचा विचार असेल, तर भारतात 1878 चा कायदा आहे: जमिनीत दहा रुपयांवरचं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं.

पुळणीवरचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचं, गणित वेगळं. ओल्या वाळूतलं खारं पाणी स्वतःच वीज वाहून नेतं, म्हणून एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन तिथे किंचाळतं. मल्टी-फ्रिक्वेन्सीवर (एकदम अनेक फ्रिक्वेन्सी) 'बीच 1' हा मोड लावा, पाण्यात शिरलात तर 'बीच 2'. इथे 11 इंची बरी, कारण खिळे कमी आणि जागा अफाट. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणं, मात्र काढून टाका. सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची कडी मशीनच्या पडद्यावर बहुतेकदा सारख्याच आकड्यांवर बोलतात. कडी गाळलीत की अंगठीही गेली. मी सगळं खणतो, शंभर कड्या निघाल्या तरी.

निघायचं ते ओहोटीला, आमच्याकडच्या भाषेत सुकतीला, पाणी पूर्ण उतरायच्या दोन तास आधी. वादळानंतर वाळू कापली गेलेली दिसली तर तिथूनच सुरुवात करा, कारण वरचा थर वाहून गेलेला असतो. घरी आल्यावर कॉइलचं कव्हर काढून गोड्या पाण्यानं धुवा. आत अडकलेल्या वाळूनं दुसऱ्या दिवशी खोटे आवाज येतात, आणि माणूस बिचारा सेटिंग बदलत बसतो.